मानशीवरची टोपीवाली बत्ती

माझ्या डोक्यावरची टोपी काढून गौरेश तिच्यात सुंगटं, म्हणजे कोळंबी, धुतो. धुतो, आणि वर ती माझ्याच खांबाला उपडी टांगतो, वाळायला! आमच्या चोपडे गावात आजवर कोणी कोणाची एवढी शोभा केली नसेल.

मित्रांनो, मी एक जुनी बत्ती आहे. नदीकाठच्या बांधावर, मानशीपाशी उभी असते. मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीला ते खारं पाणी बाहेर अडवतं, ओहोटीला शेतातलं पाणी नदीत सोडतं. मला अक्षर येत नाही. माझ्या पाठीवर काहीतरी लिहिलंय म्हणतात, पण स्वतःची पाठ कोणाला दिसते? तरी शिक्षण मी पाहिलंय. माझा जन्मच वर्गात झाला.

तो वर्ग डिचोलीला होता. उजेड कसा आखावा, कसा आवरावा, हे शिकायला तिथे मोठी माणसं येत. रस्त्यावरचे दिवे बसवणारे, हॉटेलांचं वायरिंग करणारे, आणि त्यांच्यात एकटी बाई, आमची गौरवी. शिकवणाऱ्या कमलाक्षी मॅडम पुन्हा पुन्हा सांगत, "दिवा लावायला कोणीही लावेल. उजेड कुठे पडू नये, ते आधी ठरवा." शेवटी प्रत्येकाने आपापल्या गावासाठी एक दिवा करायचा होता. गौरवीने मला केलं.

तिला कारणही तसंच होतं. तिची आजी प्रभावती हिचं शेत मानशीला लागून. तिथे कोरगुट भात होतं, खाऱ्यातही तग धरणारं. त्याचं बी बांधालगतच्या पट्ट्यातूनच काढायचं, अशी त्या घराची रीत. खारं पाणी पहिलं चावतं ते तिथेच. तिथे जे उभं राहिलं, तेच पुढच्या वर्षी पेरायचं. पण मानशीवर कोणीतरी पांढरा झगझगीत दिवा आणून लावला, आणि कडेच्या ओळी नुसत्याच हिरव्या राहू लागल्या. प्रभावती म्हणाली, रोग. गौरवी म्हणाली, उजेड. लांब काळोखी रात्र मिळाली की हे भात पोटरीला येतं. रात्रच झाली नाही तर त्याने यावं कधी?

म्हणून तिने माझा उजेड मधाच्या रंगाचा ठेवला, आणि पत्र्याची टोपी अशी कापली की तो फक्त मानशीच्या दारावर आणि पायरीवर पडावा. कोणी चालत आलं की मी उजळायची, गेलं की मंद व्हायची. मॅडमनी माझ्याखाली हात धरला. हात उजळला, मागची भिंत काळीच राहिली. "हा झाला दिवा!" त्या म्हणाल्या. मी किती फुगले म्हणून सांगू!

पहिल्याच वर्षी भात अगदी बांधापर्यंत लोंबलं. प्रभावती बोलायला तिखट, पण नव्याच्या दिवशी दाराला बांधायच्या कणसांतली एक जुडी तिने माझ्या खांबाला बांधली. काही वर्षं अशी मानाची गेली.

पुढे गौरवीला लांबलांबच्या हॉटेलांची कामं मिळाली. ती घरी कमी येऊ लागली. आणि मानशीच्या मासळीचा मक्ता तिच्या भावाने, गौरेशने घेतला. ओहोटीचं पाणी सुटलं की मानशीला जाळं लावतात, आणि उजेडावर सुंगटं येतात. जास्त उजेड, जास्त सुंगटं. त्याने माझी टोपी काढली, माणूस ओळखणारा माझा डोळा तोडला आणि माझ्यात नारळाएवढा पांढरा बल्ब बसवला. माझ्याच अंगातून तो परका उजेड रात्रभर भातावर ओतत होता, आणि मला मान वळवायची सोय नव्हती.

गणपतीच्या चवथीला गौरवी घरी आली. मला बोडकी बघून तिथेच ओरडली, "गौरेशा, ह्या किदें केलंस?"

तो जाळं झाडत हसला. "उजेडान भात मरता काय गे? सूर्य दिसभर तापता, तेका कोण टोपी घालता?"

"सूर्य बुडता रे. तुझो दिवो बुडणा."

"बरां, बरां, शिकलेली तू. विझयतंय."

हाच शब्द त्याने आजीलाही दिला. प्रभावती गुडघ्यांनी अडली होती, बांधावर येणं तिला जमत नव्हतं. नातवाने शब्द दिला म्हणून ती निर्धास्त राहिली. गौरवीची स्कूटर पूल ओलांडून गेली, आणि याने बटण दाबून मला पुन्हा पेटवलं.

मित्रांनो, मला आपणहून विझता येत नाही. तेवढं एक माणसाच्या हातात आहे, ते तरी सांभाळा.

आतलं शेत पिवळं झालं. बांधाकडचा पट्टा गवतासारखा हिरवा. गौरवीच्या कानावर गेलं तशी ती धावत आली आणि तिने माझी वायरच कापली. पण पाऊस संपला होता, खारं वर चढू लागलं होतं. उशिरा कणसं आली, ती दुधाविनाच सुकली. घरातली बियाण्याची कणगी तर त्या वर्षीच्या पेरणीला रिकामी झाली होती. ते बी आता दुसरीकडे कुठेच नव्हतं.

प्रभावती नातीचा हात धरून बांधावर आली. एक कणीस तिने तळहातावर चोळलं आणि फुंकर मारली. तळहातावर काहीच उरलं नाही. दुसरं चोळलं. तिसरं चोळलंच नाही.

गौरेश जाळं खाली ठेवून जवळ आला. "आजी, आतल्या शेतातला बियाणा घे मगे. भात तां भातच."

"तां गोड्यातला. खारां येयत तेव्हा आडवां पडात."

"माका खबर नाय होती गे."

म्हातारी वळली. तिचा आवाज चढलासुद्धा नाही.

"तुका सांगलेला होता, दोनदा. माझ्या सासवेच्या सासवेन ह्या बी राखल्यान, सासवेन राखल्यान, मी राखलंय. तू तां सुंगटांक घातलंस. जेवाक घरात ये, वाढतलंय. पण माझ्या शेतात आजपासून पाय घालू नको."