भुरीचा खुराक

बावड्यात कुणाच्या द्राक्षांवर भुरीची पांढरी बुरशी आली की लोक दत्तोबांना विचारायचे, आणि न विचारणाऱ्याला दत्तोबा स्वतः गाठायचे. शेजारच्या सोनबानं औषध पातळ करून फवारलं, भुरी काही हटेना, तेव्हा भर पारावर त्यांनी त्याची बिनपाण्यानं केली. "अर्धं औषध म्हंजी भुरीला खुराक, सोनबा. ती मरत न्हाय, पैलवान हुती. मग काय बी मार, समदं पचवती."

कुशाबाईनं ही पोपटपंची शंभरदा ऐकली होती. गावाला अक्कल वाटत फिरणारा आपला नवरा घरात येताना ती चपलेबरोबर उंबऱ्याबाहेर काढून ठेवतो, असं तिचं पक्कं मत होतं.

तिला साखरेचा आजार. उन्हाळ्यात जिभेवर पांढरा थर धरला. इंदापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पाकीट संपवायला बजावलं. तीन-चार गोळ्यांतच तोंड साफ झालं. दत्तोबांनी उरलेलं पाकीट देव्हाऱ्यामागं ठेवलं. "बरी झालीस की. बऱ्या माणसाला गोळी कशाला? पुन्यांदा लागतील." पुन्हा लागल्या, त्यांनी दोन दिल्या. परत लागल्या, एक दिली. दिवाळीपर्यंत भाकरीचं सोडाच, पाण्याचा घोटसुद्धा छातीत टोचत उतरायला लागला. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा कुठं तिला बारामतीला आणली.

डॉक्टर उत्कर्षाबाईंनी दुर्बीण घालून नमुना घेतला. तपासणीचा निकाल आल्यावर त्यांनी दोघांना समोर बसवलं. "ही यीस्टची लागण. बुरशीचीच जात. अन्ननलिकेत उतरलीय आणि नेहमीच्या गोळीला आता जुमानत नाही. शिरेतून दुसरं औषध दोन आठवडे द्यावं लागेल. तेही लागू पडलं नाही तर अवघड आहे. गोळ्या अर्ध्यावर सोडल्या होत्या का?"

दत्तोबा हसले. "बायामाणसाचं काय सांगायचं, मॅडम. इसरती. मी आपला घसा कोरडा करतो."

घसा म्हणे! कुशाबाईला त्या हसण्याचीच किळस आली. जन्मभर चारचौघांत तिनं या माणसाचं झाकलं होतं. आता जीव जायची वेळ आली, तरी खापर तिच्याच डोक्यावर.

"अवो," ती बसक्या आवाजात म्हणाली, "सोनबाला काय सांगितलं हुतं, ते मॅडमला सांगा की."

दत्तोबा फरशीकडं बघायला लागले.

"अर्धं औषध म्हंजी काय? सांगा. गावाला सांगताना तर लई गोड वाटतं."

"खुराक," ते पुटपुटले.

"आन पाकीट कुणी उचललं?"

उत्कर्षाबाईंनी समजायचं ते समजून घेतलं.

नवं औषध नशिबानं लागू पडलं. आठवडाभरात कुशाबाईनं ताकातल्या कण्या न कण्हता खाल्ल्या. ते बघून दत्तोबांनी खाटेखालची पिशवी ओढली आणि तिचं लुगडं भरायला घेतलं. "बरी झालीस की. चल, निघू."

कुशाबाईनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं दारातल्या सिस्टरला हाक मारली.

"बाई, ह्यास्नी जरा भाईर बसवा," ती म्हणाली आणि हात पुढं केला. "आन माझी बाटली लावा."