अज्ञान, वय वर्षे नऊ

मी एक कागद आहे, मुद्रांकाचा. वकिली भाषेत बक्षीसपत्र. साठ-पासष्ट वर्षांत मला चारच माणसांनी वाचलं, आणि त्यातल्या दोघांनी चुकीचं वाचलं. म्हणून आज बोलतोय.

१९५७ साली म्हैसूरच्या एका कचेरीबाहेर, झाडाखालच्या बाकावर माझा जन्म झाला. येसाजीराव नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांना म्हैसूरजवळच्या हिनकलचं आपलं दोन खोल्यांचं घर नातीला द्यायचं होतं. नात सोयराबाई नऊ वर्षांची, आईबाप नसलेली. "कागद आमच्या मराठीत होऊ दे," म्हणत त्यांनी मुद्दाम चिदंबरराव या बेळगावकडच्या दस्तलेखकाला गाठलं. चिदंबररावांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'सोयराबाई, वय वर्षे नऊ, अज्ञान, तर्फे पालनकर्ता चुलते वेंकोजीराव.' येसाजीरावांनी मला नीट वाचून सही केली, आणि नियमाप्रमाणे सोबत कन्नड तर्जुमा जोडला गेला. तो कचेरीत राहिला आणि मी घरी आलो.

दोन वर्षांनी येसाजीराव वारले. वेंकोजीरावांना कन्नडच तेवढं वाचता येई. त्यांनी मला पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी ठेवलं. वर जरीची लुगडी, डांबराच्या गोळ्या. सात वर्षं मी उजेड पाहिला नाही.

मग एका दुपारी मला वर काढलं. पिरियापट्टणचे संताजीराव, तंबाखूचे व्यापारी, आपल्या मुलासाठी सोयराबाईला बघायला आले होते. मुलगी पसंत पडली होती. घर तिच्या नावावर आहे म्हटल्यावर त्यांनी कागद मागितला. त्यांना देवनागरी येत होती. ओळींवरून बोट फिरवत ते एका शब्दापाशी थांबले.

"अज्ञान? आणि वर पालनकर्ता? वेंकोजीराव, पोरीच्या डोक्यात काही कमी आहे काय?"

"अय्यो, नाही हो! चांगली दहावीपर्यंत शिकलेय."

"मग तिच्या आजोबानं लिहून का ठेवलं?"

वेंकोजीरावांनी मला उलटसुलट करून पाहिलं, पण माझी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. पाहुणे अर्धी कॉफी तशीच ठेवून उठले. दाराआड सोयराबाई उभी होती. त्या खोलीत खरं काय ते मला एकट्याला ठाऊक होतं, आणि माझी घडी घालून मला परत ट्रंकेत टाकलं गेलं.

नातेवाइकांत गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. पुन्हा कुणी बघायला आलं नाही.

"काकू, लहानपणी मला काय झालं होतं?" तिनं एकदा वेंकोजीरावांच्या बायकोला, भवानीबाईंना विचारलं.

"काय की गं. तुझ्या आजोबाला ठाऊक. सुम्मने, उगीच त्याचा विचार करत बसू नको."

पण ती विचार करत बसली. लग्नकार्यात लोक तिच्याशी मोठ्यानं, सावकाश बोलायला लागले. पुढे ती एकटीच हिनकलच्या घरात राहायला गेली. ब्लाउज शिवायची. हात सुबक होता, तरी एकेक माप तीनदा घ्यायची. कुलूप लावून वळणापर्यंत गेली की परत येऊन ओढून बघायची. आपल्या डोक्याचा भरवसा धरायचा नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. तिलाही देवनागरी येत नव्हती. दर उन्हाळ्यात ट्रंक उन्हात रिकामी करताना ती मला हातात घ्यायची आणि न उघडताच परत ठेवायची.

त्रेपन्न वर्षं अशी गेली.

मग वनजा आली. वेंकोजीरावांची नात, मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात नोकरीला. तिला घराण्याची वंशावळ करायची होती.

"आत्या, जुने कागद आहेत का तुमच्याकडे?"

सोयराबाईनं ट्रंकेच्या तळातून काढून मला तिच्या हाती दिलं. "घे. पण चारचौघांत दाखवू नको."

वनजानं शाळेतल्या हिंदीच्या जोरावर अक्षरं जुळवत मला वाचलं आणि वहीत सोयराबाईच्या नावापुढे पेन्सिलीनं लिहिलं, 'जन्मतः मंदबुद्धी'. बाकीचे अडलेले शब्द विचारायला ती मला तिरुमलरावांकडे घेऊन गेली. त्यांचं आयुष्य कोर्टात भाषांतरं करण्यात गेलं होतं. त्यांनी मला वाचलं, मग तिची वही वाचली.

"आधी हे खोडा. वकिली मराठीत अज्ञान म्हणजे अठराच्या आतलं मूल. मायनर. अकलेचा इथं संबंध नाही. बेळगावकडे सगळे असंच लिहीत."

वनजानं कचेरीतून तर्जुम्याची नक्कल काढली. त्यात स्पष्ट 'मायनर' होतं. त्या रविवारी दोघं हिनकलला आली. सोयराबाई हुक लावत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. सुई हातातच होती.

"मग मी सज्ञान कधी झाले?"

"अठरा पुरी झाल्यावर, आत्या."

तिनं बोटांवर मोजलं. "ते पिरियापट्टणचे आले, तेव्हा मला अठरा पुरी होऊन दोन महिने झाले होते." मग हळूच म्हणाली, "मला कुणी सांगितलंच नाही."

तिनं सुई ब्लाउजात टोचून ठेवली. आणि म्हणाली, "आता सगळा वाच. पहिल्यापासून."

वनजा अडखळत वाचू लागली. 'माझी नात सोयराबाई हिजवर माझे अत्यंत प्रेम असून तिने माझी सेवाचाकरी केली आहे, सबब त्या प्रेमापोटी...'

"थांब. ते परत वाच."

वनजानं परत वाचलं.

"पायाला तेल लावायची मी त्यांच्या," सोयराबाई म्हणाली. "लक्षात होतं बघ त्यांच्या." आणि मग ती रडली.

ती ओळ चिदंबरराव प्रत्येक बक्षीसपत्रात घालत. तिरुमलरावांनी अशी शेकडो पत्रं पाहिली होती. ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्या वेळी मला वाचा असती तर मीही गप्पच बसलो असतो.

सोयराबाईला जाऊन तीन वर्षं झाली. मी आता वनजाच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या फायलीत असतो. वंशावळ पुरी झाली, त्यामुळे मला कुणी उघडत नाही. एवढंच सांगणं आहे, जुन्या कागदात आपलं माणूस शोधायला निघालात आणि एखादा शब्द अडला, तर अंदाजानं पुढे जाऊ नका. जाणत्याला विचारा. आणि जमलं तर ते माणूस हयात आहे तोवर विचारा.