दोन म्हणजे किती?

ताराचंदशेठचा आखडलेला उजवा खांदा सुटला तर त्यात काजलचा फायदा काय, ते आधी पाहून घेऊ. खांदा तसा एकच. पण त्याच्यामागे गांधीबागेतला अख्खा कापडबाजार रांगेत उभा होता: मांडी घालून घालून गुडघे गेलेले, कापडाची थानं ओढून माना आखडलेले, शर्टाच्या आतून कमरेला पट्टा बांधून हिंडणारे कापडवाले. त्यातल्या एकाला बरं वाटलं, की दुपारच्या चहापर्यंत ती बातमी चार गल्ल्या फिरून येते. धरमपेठेतल्या फिजिओथेरपी सेंटरच्या मालकीणबाई गार्गी मॅडम हे पक्कं जाणून होत्या. म्हणून त्यांनी काजलला सांगून टाकलं, "हे गृहस्थ शेवटपर्यंत टिकले, तर तुला स्वतःचं टेबल. पेशंट तुझ्या नावावर. नाही टिकले तर..."

त्यांनी शेकाच्या पिशव्यांकडे नुसतं पाहिलं. आल्यापासून काजल त्याच भरत होती. उमरेडहून रोज एसटीनं धक्के खात येणाऱ्या मुलीला या दोन्हींतलं काय हवं असेल, ते सांगायला ज्योतिषी नको.

ताराचंदशेठचा आजा मागावर बसायचा, बाप विणायचा आणि विकायचा, शेठ नुसते विकत. गेल्या काही महिन्यांत खांदा असा जखडला की हात छातीच्या वर जाईना. फळीवरचं थान खाली ओढून, एका झटक्यात गिऱ्हाइकापुढे उलगडणं ही त्यांची खासियत, तीच गेली. गादीवर मुलगा पियुष बसू लागला आणि शेठ बाजूच्या खुर्चीवर आले. दिवाळीपर्यंत हात वर गेला नाही, तर बाबांनी घरीच आराम करावा, असं घरात ठरूनही गेलं होतं. शेठ उपचार अर्धवट टाकून पळतील म्हणून त्यांच्या बायकोनं, भागीरथाबाईंनी, पियुषला पहाऱ्याला धाडलं होतं. तो केबिनमध्येच स्टुलावर बसायचा, मोबाइल घेऊन.

मालिशीत सगळा खेळ दाबाचा. कमी दाबलं तर अंगाला पत्ताच लागत नाही. जास्त दाबलं तर अंग उलट आखडून बसतं आणि केलेलं पाण्यात जातं. मधली जागा पेशंटला विचारत विचारत शोधायची. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे बोंब. सहाच्या आसपास थांबलं की काम होतं.

पहिल्या दिवशी काजलनं अंगठा टेकवला. "किती, काका?"

"दोन."

तिनं जोर वाढवला. "आता?"

"दोनच. काहून वं, जेवून नाही आली का आज?"

तिनं कोपर लावलं. शेठचा श्वास अडकला, पायाची बोटं मुडपून आत गेली, डोळे पंख्याला जाऊन चिकटले. "आता, काका?"

शेठनी थोडा विचार केला. "अडीच."

दुसऱ्या दिवशी सकाळीच भागीरथाबाईंचा फोन आला. "पोरी, तू मालिश करून राहिली होती का कणीक तिंबून राहिली होती? सारा खांदा निळा पडला. रातभर माणूस कण्हून राहिला!"

आणि संध्याकाळी तोच माणूस टेबलावर आडवा होत म्हणाला, "मस्त झोप लागली बाप्पा."

काजलनं त्या दिवशी हात हलका ठेवला, तर शेठ करवादले. "हे काय मोरपीस फिरवून राहिली? जोर लाव, जोर!" तिनं पायाच्या बोटांवर नजर ठेवून पाहिली. बोटं खोटं बोलत नव्हती, पण ती बिचारी फक्त दुखतं एवढंच सांगत. कोणतं दुखणं कामाचं आणि कोणतं नुकसानीचं, हे सांगायला आतला माणूसच लागतो. तो दोनवर अडून बसला होता.

"पुरुषांचं असंच असतं गं," गार्गी मॅडम म्हणाल्या. "दुखतं म्हणायची लाज वाटते. तू आपली अंदाजानं कर."

काजलला ते पटेना. लाज? हा माणूस चहा गार म्हणून परत पाठवायचा. उशी टोचते, पंखा आवाज करतो, चादरीला वास येतो, सगळ्याची तक्रार मोठ्यांदा करायचा. ज्याला उशी सोसत नाही, त्याला कोपर सोसायची हौस कुठून आली? लपवत होता तो फक्त आकडा. तो का, याचा किडा तिच्या डोक्यात शिरला आणि एसटीतही वळवळू लागला.

सुटीच्या दिवशी ती अस्तराचं कापड घ्यायच्या निमित्तानं गांधीबागेत गेली. दुकानात गादीवर पियुष होता आणि शेठ खुर्चीवर, ताटाबाहेर पडलेल्या लोणच्याच्या फोडीसारखे. तिनं शेठना नमस्कार केला आणि अस्तर पाहायच्या मिषानं कोपऱ्यात बसली.

तेवढ्यात लहानू नावाचा म्हातारा दलाल साड्यांचं गाठोडं घेऊन आला. गादी ओलांडून तो थेट खुर्चीपाशीच गेला. खांद्यावरचा दुपट्टा त्यानं काढला, दोघांच्या हातांवर टाकला आणि म्हणाला, "यंदा संत्री काही गोड नाही बाप्पा."

"पाणीच कुठं लागलं बगीच्याले," शेठ म्हणाले.

वर संत्री चालली होती आणि दुपट्टा खालून उंदीर पळाल्यासारखा हलत होता. काजल ओळखून होती. तिचा आजा विणलेला माल असाच विकायचा: बोटं धरून भाव सांगायचा. एक बोट, दोन बोटं, पंजा धरला की पाच. आजूबाजूला दहा माणसं उभी असली तरी भाव फक्त त्या दोघांना कळायचा. संत्र्यांचा विषय संपता संपता सौदा झाला.

पियुषनं गादीवरूनच विचारलं, "कितीत घेतल्या, बाबा?"

शेठनी एक आकडा सांगितला. लहानूनं मान फिरवून गालातल्या गालात हसू दाबलं.

काजल अस्तर न घेताच उठली. इतके दिवस तिला वाटत होतं की शेठ तिच्याशी खोटं बोलतात. खरं तर शेठ तिच्याशी बोलतच नव्हते! दोन हा आकडा स्टुलावर बसलेल्यासाठी होता. बापानं आठ म्हटलं असतं, तर आठ तसंच घरी गेलं असतं, आणि दिवाळीची वाट न पाहता खुर्चीसुद्धा दुकानातून उचलली गेली असती.

दुसऱ्या दिवशी तिनं शेठना उताणं झोपवलं, डावा हात छातीवर ठेवायला लावला. त्यावर टॉवेल टाकला आणि आपला डावा हात टॉवेलखाली सारला. उजव्या हाताचा अंगठा खांद्यावर टेकवत म्हणाली, "ऊन फार आहे ना काका, आज?"

शेठनी एकदा तिच्याकडे पाहिलं. एकदा टॉवेलकडे.

"किती, काका?"

"दोन," शेठ खणखणीत बोलले. आणि टॉवेलखाली त्यांनी तिचा पंजा धरला, सोडला, वर तीन बोटं धरली.

आठ! आणि अंगठा तर नुसता टेकला होता. कोपर लावलं तेव्हा काय झालं असेल, या विचारानं काजललाच कसंतरी झालं. तिनं दाब कमी केला. पंजा आणि दोन. आणखी कमी केला. पंजा आणि एक. ती तिथंच थांबली. इतक्या हलक्या हातानं काही होत असेल यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. पण थोड्या वेळानं पायाची बोटं सुटी झाली, श्वास पोटात उतरला आणि अंगठ्याखालची दगडासारखी गाठ किंचित हलली.

"जोर लाव वं," शेठ छताकडे पाहत म्हणाले, आणि टॉवेलखाली तिची बोटं हळूच थोपटली.

"लावून राहिली ना काका. तुमचं अंगच कडक."

असा तो दुहेरी कारभार रोज चालला. वर दोन, खाली सहा. आधी हात खांद्यापर्यंत आला, मग कानापर्यंत. दिवाळीला थोडे दिवस असताना शेठनी भिंतीवरच्या घड्याळाला हात लावून दाखवला आणि घड्याळ तिरकं करून ठेवलं. मग चपला शोधत, काजलच्या कामाची तारीफ सोडून, पंख्याच्या आवाजाबद्दल बडबडत बाहेर गेले.

पियुष मागे थांबला. "एक विचारू? टॉवेलखाली बाबा काय भाव सांगत होते?"

काजल चादर झटकू लागली. "सौदा दोघातला असते, भाऊ. तिसऱ्याले सांगत नाहीत."

"मीबी त्याच घरातला आहो," तो हसला. "टॉवेल पाहिला तेव्हाच समजलं मले. त्या दिवसापासून मोबाइलमधून डोकं वर नाही केलं मी."

"मंग घरी काहून नाही सांगितलं?"

"काय सांगू? त्या खुर्चीवर बसलेले बाबा मलेच पाहवत नव्हते." त्यानं स्टूल भिंतीकडे सारलं. "गादी मात्र आवडू लागली होती बरं का. सवय लागते तिची."

आता कुणाला काय मिळालं ते पाहू. काजलला टेबल मिळालं, आणि गांधीबागेतून आलेला पहिलाच पेशंट, तिनं खांद्याला नुसता हात लावायच्या आत, "दोन" म्हणून मोकळा झाला. गार्गी मॅडमना गल्लीच्या गल्ली मिळाली. टॉवेल जास्त का लागतात, हे मात्र त्यांना अजून कळलेलं नाही. शेठ दिवाळीच्या गर्दीत फळीवरून थान ओढून झटक्यात उलगडत होते, आणि भागीरथाबाई शेजारणीला सांगत होत्या की आपण पोराला पहाऱ्याला ठेवलं म्हणून हे जमलं. फी पियुषनं भरली. गादीवरूनही तोच उठला.