काचेतला जुना जोड

बूट काढून ती शोकेसमध्ये चढली आणि मामाने टांगलेला ‘खास तुमच्यासाठी’ हा फलक आधी ओढून काढला.

“राहू दे तो,” गल्ल्यावरून मामा म्हणाला.

“कुणासाठी खास? कुत्रंसुद्धा थांबत नाही त्याच्यापुढे.”

“तुझ्या सजावटीपुढे तरी कोण थांबतंय? सोमवारी बूट कंपनीचा स्क्रीन बसतोय तिथे. चित्रं आपोआप फिरतील. तू गोदाम सांभाळ.”

“म्हणजे उंदरांसाठी शोकेस लावू?”

“लाव. उंदीर उलट बोलत नाहीत.”

अनवाणी, पांढऱ्या कापडावर गुडघे टेकून ती एकेक नवा बूट फिरवत राहिली. ही काच तिची होती. दुकानात बाकी सगळं मामाचं. स्वतःचे काढलेले बूट ती नेहमी आतच, कोपऱ्यातल्या फळीवर ठेवायची. बाहेर ठेवले की एखादं गिऱ्हाईक तेच पायात घालून आरशापुढे उभं राहायचं. काम संपलं तशी ती खाली उतरली, दाराजवळ पडलेल्या दुकानातल्या सपाता पायात सरकवल्या आणि मागे न बघता घरी गेली.

सकाळी आली तर काचेपुढे माणसं.

“आधी ते काढ!” मामा दारातच कडाडला. “नव्या मालात तुझी खेटरं! दुकानाच्या अब्रूचे धिंडवडे काढलेस.”

कोपऱ्यात तिचे तपकिरी बूट तसेच होते. टाच एका बाजूने झिजलेली, चवड्यावर सुरकुत्या, एका नाडीला गाठ. झगमगत्या जोडांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. एक बाई तर वाकून तळ दिसतोय का ते बघत होती.

विकायची विद्या शिकवणारे सांगतात, गिऱ्हाइकाला स्वप्न दाखवा, हेवा दाखवा, घाई करा. गिऱ्हाईक काही खुळं नसतं. ते जन्मभर फसत आलेलं असतं, आणि फसलेला माणूस आधी टाच बघतो.

ती बाई आत आली. दवाखान्यातल्या नर्सचा गणवेश, खांद्याला पिशवी.

“तो कोपऱ्यातला जोड इथलाच?”

“इथलाच. माझा आहे, चुकून राहिला.”

“किती चालला?”

“चारेक वर्षं. टाच बदलली एकदा.” मामाने डोळे वटारले, तरी ती थांबली नाही. “डाव्याची शिवण उसवते. दोनदा घालून घेतली.”

“उभं राहायचं काम आहे तुमचं?”

“दिवसभर.”

“माझंही.” बाई बाकावर बसली आणि तिने पाय पुढे केला. “माझ्या मापाचा दाखवा. आणि डाव्याला जादा शिवण आत्ताच घालून द्या.”

सुई मामानेच शोधली.

दिवसभरात अनेक जण नुसतंच बघून गेले. काहींनी विचारलं. मोजक्यांनी घेतले. संध्याकाळी ती आपले बूट काढायला शोकेसकडे वळली.

“असू देत,” मामा पाठमोराच म्हणाला.

“मग मी घरी कशी जाऊ?”

“सपाता आहेत ना.”

दुसऱ्या दिवशी तिच्या जोडाशेजारी एक मोठा काळा जोड उभा होता. चवड्याला ठिगळ, उजवी टाच बाहेरच्या बाजूने पार खाल्लेली. असं एका अंगाला रेलून चालणारा दुकानात एकच माणूस होता. वरून मात्र बूट लखलखत होते.

“पॉलिश कशाला केलंस?”

“बरं दिसत नव्हतं,” मामा वर्तमानपत्रामागून म्हणाला.

“बरं दिसायला कुणी सांगितलं?”

तिने फडकं घेतलं, सपाता काढल्या आणि ती आत चढली. चकाकी पुसत असताना तिने सहज विचारलं, “सोमवारी स्क्रीनवाले येतील ना?”

“येऊ देत. गोदामात जागा आहे.” मामाने गल्ल्याखाली, सपातांतले पाय आत ओढून घेतले. “उंदरांना बघू देत चित्रं.”