परीक्षेतला दुसरा चेहरा

डॉन फुल्हेन्सिओचा मोले मसाल्याचा कारखाना प्वेब्ला शहराच्या बाहेर आहे. हिशेबनिसाच्या रिकाम्या जागेसाठी मी तिथं गेले होते. आत पाऊल टाकलं की पहिली शिंक येते, मग माणसं दिसतात. डॉनच्या खुर्चीमागे जुन्या हिशेबनिसाच्या वर्गाचा पदवीदानाचा फोटो टांगला होता. झगे, टोप्या, सगळ्यांचे दात बाहेर. त्या हिशेबनिसाला डॉन शिव्यासुद्धा ‘कॉन्तादोर’, म्हणजे ‘हिशेबनीससाहेब’, म्हणूनच द्यायचा, असं दारावरच्या बाईनं मला सांगितलं होतं.

“तुझा फोटो कुठाय, मुली?” डॉननं विचारलं. पानात गुंडाळून उकडलेला मक्याचा तामाल तो खात होता.

“ऑनलाइन शिकले, डॉन फुल्हेन्सिओ. वर्गच नव्हता.”

“म्हणजे घरी? चपला घालून?”

“अनवाणी.”

तो हसला नाही. “आणि परीक्षा कुणी दिली? माझ्या भाच्यानं दोन पोरींच्या परीक्षा देऊन मोटरसायकल घेतली.”

याआधी तीन कचेऱ्यांनी ‘ऑनलाइन’ ऐकून माझे कागद परत सरकवले होते. पापांना आजारपणात सोडून मला कॉलेजात जाता आलं नव्हतं. आता पापा नव्हते, आणि नोकरी हवी होती. म्हणून मी सांगून टाकलं.

“परीक्षेत कॅमेरा चालू असतो. दुसरा चेहरा दिसला की पेपर बंद. घरात खोली एकच, आणि पापांना ऑक्सिजन लावलेला. ते म्हणाले, ‘मी मरतो थोडा वेळ, तू लिही.’ आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली.”

डॉनचा घास हातातच राहिला.

“पडद्यावरून पहारा ठेवणाऱ्या बाईनं विचारलं, ‘सेन्योरिता, तुमच्या मागे प्रेत आहे का?’ चादरीतून आवाज आला, ‘अजून नाही, बाई! आधी तिचा ताळेबंद जुळू दे!’”

“मग?”

“बाईला हसू आवरेना. म्हणाली, लिहा, पण प्रेतानं बोलायचं नाही.”

डॉन इतका हसला की त्याला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाला, “म्हातारा आता कसाय?”

“आता मरायचा सराव करत नाहीत.”

त्यानं छातीवर क्रूस काढला. उरलेला तामाल बाजूला सारला.

“असलं खोटं कुणाला सुचणार नाही. सोमवारी ये. आणि पायात काहीतरी घालून ये, कॉन्तादोरा.”

घरी आले. खाट अजून तिथंच आहे, चादरही. मी आडवी झाले, चादर डोक्यावरून ओढून घेतली आणि आतून ओरडले, “पापा, ताळेबंद जुळला!”