धुरपदाचे विषय

१९५४ च्या एप्रिलात मार्थाबाई एस.टी.नं न्हावऱ्याला गेल्या, त्या एका सहीसाठी.

शिरूरच्या एका शाळेत त्या गणित शिकवायच्या. तिथं आठवी झाली की विषय निवडावे लागत. अंकगणित घ्यायचं की बीजगणित-भूमिती, इंग्रजी ठेवायची की सोडायची, गृहशास्त्र की विज्ञान, हे तेव्हाच ठरायचं आणि अकरावीला एस.एस.सी.ची परीक्षा त्याच विषयांत द्यायची. फॉर्मवर पालकांची सही लागे. पालकांना त्यातलं फारसं कळत नसे. कुठला विषय घेतला तर मूल पुढं कुठं जातं, हे एकेका आईबापाला बसवून सांगायचं काम हेडमास्तर आनंदरावांनी मार्थाबाईंवर सोपवलं होतं. बाई ते मनापासून करत. मात्र सहीसाठी कुणाच्या गावी त्या कधी गेल्या नव्हत्या. धुरपदासाठी गेल्या.

धुरपदा शिरूरला मामाकडे राहून शिकत होती. समद्विभुज त्रिकोणाचे पायाजवळचे कोन सारखे का असतात, हे बाई एकदा फळ्यावर शिकवत होत्या. त्यांनी मधून एक रेघ काढली. मागच्या बाकावरून धुरपदा म्हणाली, "बाई, रेघ कशाला? त्रिकोण उलटा करून त्याच्यावरच ठेवला तर?" बाई खडू धरून तशाच उभ्या राहिल्या. पंधरा वर्षांच्या नोकरीत असं कुणी बोललं नव्हतं.

न्हावऱ्याला धुरपदाचे वडील हौशीराम आणि आई अनसाबाई खळ्यात कांद्याची पात कापत बसले होते. बाईंनी फॉर्म काढला आणि सगळं समजावून सांगितलं.

"ह्यात सोप्पं कंचं?" हौशीरामांनी विचारलं.

"गृहशास्त्र, अंकगणित. इंग्रजी सोडायची. धुरपदा हसत पास होईल. मग ट्रेनिंग कॉलेज करून मराठी शाळेत शिक्षिका."

"मग त्येच लिवा की."

"पण तिची बुद्धी तेवढ्यावर थांबायची नाही. बीजगणित, विज्ञान आणि इंग्रजी घेतली तर ती पुण्याला कॉलेजात जाईल. डॉक्टरसुद्धा होईल. आमच्या शाळेतली एकही मुलगी अजून कॉलेजात गेलेली नाही."

अनसाबाईंचा विळा थांबला. "आन् नापास झाली तर?"

"नाही होणार. मी आहे ना."

हौशीरामांनी हातातली पात खाली ठेवली. मग म्हणाले, "खुटबावचं पावनं आत्ताच इचारत्यात. तुमच्या शबुदावर मी तीन सालं थांबतो. पास झाली तर तुम्ही न्याल तिकडं जाऊ द्या. न्हाई झाली, तर त्याच साली लगीन. मग मला काय सांगायचं न्हाई."

त्यांनी वाकड्यातिकड्या अक्षरांत सही केली. धुरपदा दाराशी उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

नववी बरी गेली. दहावीच्या सुरुवातीलाच इंग्रजीचे मास्तर नोकरी सोडून गेले आणि ती जागा पुढच्या दिवाळीपर्यंत रिकामीच राहिली. मार्थाबाईंची स्वतःची इंग्रजी बेताची. तरी रोज सकाळी शाळेआधी त्या धुरपदाला घरी बोलावून वाचन घेत. धुरपदा शब्द पाठ करायची, पण वाक्य तिच्या हाती लागायचं नाही. गणितात नव्वदच्या खाली कधी आली नाही. इंग्रजीत अकरावीच्या सहामाहीला तिला अठरा गुण पडले.

परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा आनंदरावांनी बाईंना बोलावलं. "धुरपदाची इंग्रजी काढून टाका. अजून विषय बदलता येतो. एका विषयात गेली तर सगळी परीक्षा जाईल."

"मग कॉलेजचं दार बंद होईल, सर. अजून तीन महिने आहेत."

"बाई, हा तिचा फॉर्म आहे," आनंदराव म्हणाले. मार्थाबाईंना ते लागलं. पण त्या मागं हटल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी धुरपदा स्वतः आली. "बाई, इंग्रजी काढू का? मला भ्या वाटतं."

"घाबरून आजवर कुणी डॉक्टर झालंय का?" बाई हसून म्हणाल्या. "मी तयारी करून घेते तुझी."

धुरपदानं मान हलवली आणि इंग्रजीसकट फॉर्म भरला.

१९५७ च्या जूनमध्ये निकाल आला. बीजगणित-भूमितीत त्र्याण्णव, विज्ञानात एक्क्याऐंशी. इंग्रजीत चोवीस. पास व्हायला पस्तीस लागत. बाईंनी तो कागद तीनदा वाचला, मग आनंदरावांच्या टेबलावर ठेवला आणि वर्गावर गेल्या.

त्याच रविवारी चर्चमधून त्या थेट न्हावऱ्याच्या गाडीत बसल्या. हौशीरामांच्या अंगणात मांडवाच्या मेढी पुरल्या होत्या.

"ऑक्टोबरात पुन्हा बसता येतं," बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या. "एकाच विषयाचा प्रश्न आहे. चार महिने थांबा."

हौशीराम रागावले नाहीत. त्यांनी बाईंना पाट दिला, पाणी दिलं. "बाई, भावकीत माझं हसं झालं तरी मी तीन सालं थांबलो. माझा शबुद मी पाळला. आता तुम्ही तुमचा पाळा."

मार्थाबाईंनी दाराकडं पाहिलं. आत हळद दळायचं काम चाललं होतं. धुरपदा बाहेर आली नाही.

पुढच्या हिवाळ्यात, मार्चच्या परीक्षेचे फॉर्म सुटल्यावर, बाई दौंडला गेल्या आणि तिथून पॅसेंजरनं खुटबावला उतरल्या. पिशवीत कोरा फॉर्म होता. या वेळी इंग्रजीच्या जागी सोपा विषय घालायचा, असं त्यांनी वाटेतच ठरवून टाकलं होतं.

धुरपदाची सासू गिताबाई भली बाई होती. "पोरीच्या शाळंतल्या बाई आल्यात," म्हणत तिनं चुलीवर चहा ठेवला आणि दोघींना मळ्यात बोलत बसू दिलं. धुरपदा शेवंती तोडत होती. तिचा पदर फुलांनी भरला होता. ती वाळली होती. तिला दिवस गेले होते, हे बाईंच्या लगेच लक्षात आलं.

बाईंनी फॉर्म दाखवला. "घरच्यांशी मी बोलते. तू फक्त हो म्हण."

"न्हाई, बाई."

"का गं?"

"आता माझ्यानं व्हायचं न्हाई." तिनं दोन-तीन फुलं तोडली. मग बाईंकडं न बघता म्हणाली, "एक इचारू? इंग्रजी काढली असती तर मी पास झाले असते ना?"

खोटं बोलायला बाईंना जागा होती. इंग्रजीच्या जागी घेतलेला विषयही अवघड गेला असता, असं म्हणता आलं असतं.

"हो," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्गात आली असतीस."

"मी इचारलं हुतं तुम्हाला."

"हो. विचारलं होतंस."

"मला मराठी शाळंतच शिकवायचं हुतं, बाई. पयल्यापासनं. तुमच्यावाणी फळ्यावर लिवायचं." ती फुलं तोडायची थांबली. "पर तुम्ही इतक्या खुशीत असायचा, की सांगवलंच न्हाई."

मार्थाबाई बांधावर खाली बसल्या. त्यांनी माफी मागितली, तीही नीट मागता आली नाही.  धुरपदानं पदरातली शेवंती टोपलीत ओतली, येऊन बाईंच्या शेजारी बसली आणि त्यांचा हात हातात घेतला. दोघीही रडल्या. मग गिताबाईंनी चहाला हाक मारली, तेव्हा धुरपदानं आधी बाईंचे डोळे पुसले आणि नंतर स्वतःचे.

धुरपदा पुन्हा परीक्षेला बसली नाही. तिला दोन मुली झाल्या.

हे काम दुसऱ्या कुणाला द्या, असं मार्थाबाईंनी आनंदरावांना सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही. दर एप्रिलला बाई पालकांना घेऊन बसत राहिल्या. सगळे विषय सांगत, प्रत्येकातला धोका सांगत, मुलीला समोर बसवून तिला काय हवं ते विचारत, आणि ती बोलेपर्यंत थांबत. स्वतःचं मत मात्र कुणी कितीही विचारलं तरी देत नसत.

१९६२ साली त्या शाळेची पहिली मुलगी पुण्याच्या कॉलेजात गेली. शाळेत पेढे वाटले. बाईंनी त्या दिवशी सगळे तास घेतले, मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि पेढा न खाता तसाच कागदात गुंडाळून घरी नेला.