सहावा व्हाइस

माझ्या सासूबाईंना दागिन्यांचा सोस नाही. त्यांना जुने व्हाइस लागतात. टेबलाला बोल्टने बसवायचे, वस्तू लोखंडी जबड्यात घट्ट धरून ठेवणारे, उचलताना कंबरेची आठवण करून देणारे. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा उद्योग मांडला. भंगारातून एकेक आणायचा, गंज काढायचा, तेल पाजायचं, रंग द्यायचा. बाल्कनीत पाच व्हाइस आ वासून बसले आहेत, आणि सासऱ्यांची आरामखुर्ची न्हाणीघराच्या दारासमोर आली आहे.

सहाव्याचा जबडा गच्च मिटलेला होता. हा मेलेला आहे, असं भंगारवाल्यानेच सांगितलं होतं. सासऱ्यांनी संधी साधली. जेवताना करार झाला: रविवारपर्यंत हा उघडला नाही, तर व्हाइसचं वेड बंद आणि बाल्कनी सासऱ्यांची. सासूबाई हो म्हणाल्या. नाही म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटलं असावं.

मग त्या हात धुऊन त्याच्या मागे लागल्या. तेल सोडलं, ब्लोलँपच्या ज्योतीने शेकलं, हातोडीने चहूबाजूंनी थोपटलं. जबड्याचा स्क्रू फिरवायच्या दांड्यावर पाइपचा तुकडा चढवून जोर लावला. मीही लोंबकळून पाहिलं. दांडा तसूभर हलला नाही. सासरे येता-जाता पेशंटची चौकशी करत, आणि खुर्ची कुठे ठेवायची याची मापं घेत.

शनिवारी सासूबाईंनी जाहीर केलं की तेल आता पुरतं मुरलंय, उद्या सकाळी हा उघडणारच. सासऱ्यांचा घास तोंडातच राहिला.

दुपारी त्या आडव्या झाल्या. मी भांडी विसळत होते. बाल्कनीतून आधी कण्हणं ऐकू आलं, मग लोखंडाची लांबलचक करकर, आणि मग सासऱ्यांची हाक.

"अगं, इकडे ये. उघडला."

आम्ही दोघी पोचलो तेव्हा जबडा बोटभर उघडा होता. सासरे पाइप धरून उभे होते, घामाघूम आणि फुगलेले. फिटरला जमलं नाही ते आपल्याला जमलं, हे त्यांनी दोनदा ऐकवलं.

सासूबाईंनी दांडा थोडा फिरवला, वाकून उघड्या पडलेल्या स्क्रूवर बोट फिरवलं आणि कपाळाला हात लावला. मूळ स्क्रू मोडल्यावर कुणीतरी नवा कातून बसवला होता, तो डाव्या, म्हणजे उलट्या आट्यांचा. म्हणजे आम्ही उघडतोय असं समजून जितका जोर लावला, तितका तो आवळला जात होता. जन्मभराची हाताला सवय, त्यामुळे दुसरीकडे फिरवून पाहावं हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

मग त्या हळूच सरळ झाल्या.

"पण अहो, तुम्ही तिकडे का फिरवलात? तिकडे फिरवलं की व्हाइस आवळतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं."

सासरे पाइपकडे पाहू लागले.

"घट्ट करायला आला होतात?"

"थोडासाच," सासरे म्हणाले.

सासूबाई हसल्या नाहीत. निदान आमच्याकडे तोंड असताना तरी नाही. आत जाऊन त्यांनी तारेचा ब्रश आणला आणि सासऱ्यांच्या हातात दिला.

"ज्याने उघडला, त्यानेच घासायचा."

रविवारी आरामखुर्ची बाल्कनीत आली. पाचव्या आणि सहाव्याच्या मधे ती बरोबर मावते. मापं चोख होती. सासरे तिच्यात बसून गंज घासतात. वर्तमानपत्रही तिथेच असतं, खाली अंथरलेलं.